साठीचा ज्येष्ठ, पासष्टीचा निराधार: महाराष्ट्रातील वृद्धधोरणाची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात 60 वर्षे पूर्ण झालेला माणूस सरकारच्या लेखी ज्येष्ठ नागरिक आहे. 9 जुलै 2018 च्या शासन निर्णयाने हे वय 65 वरून 60 वर आणले. निराधार वृद्धांना राज्याकडून पेन्शन देणाऱ्या श्रावणबाळ योजनेचे दरमहाचे पैसे मिळायला मात्र अजून 65 पूर्ण व्हावी लागतात. शिवाय दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे महिन्याला 1,750 रुपये उत्पन्न. इतक्यात आज कुठलेच घर चालत नाही, तरी वर्षानुवर्षे हीच अट धरून दाखले दिले-घेतले जात आहेत. ही अट टिकून राहिली, कारण म्हातारपणातल्या मदतीचा विचार आपल्याकडे सुरुवातीपासून दयेच्या अंगाने झाला.

ही वाट जुनी आहे. पुण्यात 1863 मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ पंगुगृह उभे राहिले; आज ते 'निवारा' वृद्धाश्रम म्हणून ओळखले जाते. ज्याला कोणी नाही, त्याला आसरा, हे त्याचे सूत्र होते. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम 41 ने वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा विषय मार्गदर्शक तत्त्वांत घातला, पण 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' ही पुस्ती जोडूनच. उत्तर प्रदेशाने 1957 मध्ये वृद्धांसाठी पेन्शन सुरू केली. महाराष्ट्रात 1980 मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. विधवा, अपंग, दुर्धर आजाराचे रुग्ण अशा सगळ्यांना तिने एका छत्राखाली घेतले. गावोगाव आजही 'निराधारचे पैसे आले का?' असेच विचारतात.

केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन 15 ऑगस्ट 1995 पासून लागू झाली, तेव्हा केंद्राचा वाटा होता दरमहा 75 रुपये. पुढे तो 200 झाला, 2007 मध्ये योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले, आणि 80 वर्षांखालच्यांसाठी तो 200 वरच अडकला. बाकीचा भार राज्याने उचलला: श्रावणबाळ योजनेत दरमहा हाती पडणाऱ्या एकूण 600 रुपयांचे 2019 मध्ये 1,000 आणि 2023 मध्ये 1,500 झाले. ही वाढ खरी आहे आणि तिचे श्रेय त्या-त्या सरकारला द्यायलाच हवे. पण उंबरठ्यावरची अट हलली नाही. वयाचा पुरावा, 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला, तलाठ्याच्या अहवालावरून उत्पन्नाचा दाखला, मग तालुक्याच्या समितीपुढे अर्ज, आणि मंजुरीनंतरही दरवर्षी हयातीचा दाखला. आयुष्यभर खुरपे धरलेल्या बाईच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, म्हणून तिला बँकेतून रिकाम्या हाताने परतावे लागते. धोरण आखणाऱ्यांनी एकदा तरी त्या रांगेत उभे राहून पाहावे.

दुसरा धागा मुलांच्या जबाबदारीचा. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम 125 ने आईवडिलांना पोटगी मागता येऊ लागली. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जबाबदारी विवाहित मुलीवरही असल्याचे ठरवले. 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण कायदा राज्यात 1 मार्च 2009 पासून लागू झाला. प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज, पोटगीची कमाल मर्यादा 10,000 रुपये, आणि सांभाळण्याच्या अटीवर मुलाच्या नावे केलेले बक्षीसपत्र अट मोडल्यास रद्द करून घेण्याची सोय. घर लिहून देऊन बसलेल्या कित्येकांना या शेवटच्या तरतुदीचाच आधार वाटतो. लातूर जिल्हा परिषदेने 2020 मध्ये आणखी पुढे जाऊन, आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के कापून ते पालकांच्या खात्यावर जमा करण्याचा ठराव केला.

याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 जणांचा वृद्धाश्रम असावा असेही म्हटले आहे, पण तिथे राज्य 'स्थापन करू शकेल' अशी भाषा आहे. मुलगा बांधील, सरकार मात्र ऐच्छिक! मातोश्री वृद्धाश्रमांची योजना 1995 पासून होती, म्हणजे गरज कोणाला ठाऊक नव्हती असे नाही.

धोरण म्हणून या विषयाकडे पाहणे उशिरा सुरू झाले. केंद्राचे वृद्धांविषयीचे राष्ट्रीय धोरण 1999 चे. राज्यात त्यानंतर 2004, 2013 आणि 2018 असे टप्पे पडले. दरम्यान 2011 च्या जनगणनेत राज्यातले 9.9 टक्के लोक साठीपुढचे निघाले, म्हणजे एक कोटी दहा लाखांहून अधिक. देशात हे प्रमाण 8.6 टक्के होते. ज्येष्ठ नागरिक संघांनी याच काळात रेटा लावला. एसटीत 65 नंतर अर्धे तिकीट होतेच, ऑगस्ट 2022 पासून 75 पुढच्यांना प्रवास मोफत झाला.

2024 मध्ये दोन नव्या योजना आल्या. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसाठी एकदाच 3,000 रुपये. उत्पन्नाची मर्यादा दोन लाख. मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेत वय 60 आणि मर्यादा अडीच लाख. काशीला जायला सरकारच्या हिशेबी गरीब ठरणारा म्हातारा घरी परतल्यावर महिन्याच्या औषधांसाठी अर्ज करतो, तेव्हा त्याच सरकारला तो सधन वाटतो. 21,000 ची मर्यादा वाढवा, ही मागणी म्हणूनच पेन्शनची रक्कम वाढवण्याच्या मागणीइतकीच महत्त्वाची आहे.