हेल्मेटमुळे थांबलेल्या चोऱ्या

पश्चिम जर्मनीत १९८० साली हेल्मेट न घालणाऱ्या दुचाकीस्वारांकडून जागच्या जागी दंड घ्यायला सुरुवात झाली. सक्ती आधीपासून होती, पण दंडच नसल्यामुळे ती मनावर घेणारे कमी होते. अपघातात डोकी फुटू नयेत, एवढाच सरकारचा हेतू. झालं मात्र भलतंच. त्या वर्षी देशात सुमारे १,५०,००० दुचाकी चोरीला गेल्या होत्या. १९८६ मध्ये हा आकडा ५४,००० च्या आसपास आला.

विचार केला की कोडं सुटतं. दुचाकी चोरणाऱ्यांतले बरेचजण आयत्या वेळी मोह झालेले असतात. गाडी दिसली, आजूबाजूला कुणी नाही, पळवली. अशा माणसाच्या हातात हेल्मेट कुठून असणार? आणि उघड्या डोक्याने निघालं, तर पहिल्याच चौकात पोलीस अडवणार. मग या मंडळींनी मोर्चा चारचाकींकडे वळवला असेल, अशी शंका येते. चारचाकींच्या चोऱ्या थोड्या वाढल्याही, पण जवळजवळ लाखभर दुचाकी वाचल्या, त्यापुढे ती वाढ किरकोळ होती. चोरांची गरिबी, संगत, संस्कार यातलं काहीच बदललं नव्हतं, आणि तरी चोऱ्या घटल्या होत्या.

गुन्हा म्हटलं की आपण पहिल्यांदा माणसाकडे बोट दाखवतो. जातीचाच चोर, रक्तातच आहे, आईबापांनी वळण लावलं नाही, वगैरे. समाजशास्त्राने गेली दोनेकशे वर्षं हे बोट हळूहळू दुसरीकडे वळवलं आहे. सुरुवात केली ती एका खगोलशास्त्रज्ञाने. बेल्जियमच्या अदोल्फ केतले याने फ्रान्समधल्या न्यायालयांची आकडेवारी चाळली, तेव्हा त्याला दिसलं की खून, चोऱ्या, इतकंच काय, खुनासाठी वापरलेल्या हत्यारांचं प्रमाणही वर्षानुवर्षं जवळपास तेच राहतं. माणसं बदलतात, आकडे हलत नाहीत. म्हणजे गुन्ह्याची तयारी समाज करतो आणि गुन्हेगार केवळ ती तडीस नेतो, असं त्याने १८३० च्या दशकात लिहून ठेवलं. ताऱ्यांच्या गतीत नियम शोधायची सवय असलेल्या माणसालाच हे सुचावं, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

केतलेच्या आकड्यांना रस्त्यांवर आणून ठेवलं ते शिकागोतल्या दोघांनी. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मके. शॉ याने आधी सुधारगृहातून सुटून आलेल्या मुलांवर देखरेख ठेवण्याची नोकरी केली होती, त्यामुळे ही पोरं कुठून येतात हे त्याला तोंडपाठ होतं. बालन्यायालयापुढे आलेल्या हजारो मुलांचे पत्ते घेऊन या दोघांनी शहराच्या नकाशावर एकेका घरासाठी एकेक ठिपका दिला. शहराच्या मध्याला लागून, कारखान्यांच्या आणि मोडकळीला आलेल्या भाड्याच्या घरांच्या पट्ट्यात ठिपक्यांची नुसती गर्दी झाली. बाहेर सरकावं तसे ते विरळ होत गेले.

इथवर नवल नाही. खरी गंमत पुढे आहे. त्यांनी १९०० पासून पुढच्या तीसेक वर्षांतले नकाशे शेजारी शेजारी ठेवले. या काळात त्या पट्ट्यातली वस्ती पार बदलून गेली होती. आधी जर्मन आणि आयरिश, मग पोलिश आणि इटालियन, त्यानंतर दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय. प्रत्येक गटाबद्दल ‘हे लोकच तसे’ असं त्या त्या काळात बोललं जात होतं. पण गर्दीचे ठिपके जिथे होते तिथेच राहिले, आणि जो गट तिथून उठून बाहेरच्या बऱ्या वस्तीत गेला त्याच्या पोरांचे गुन्हे कमी झाले. खोट वंशात असती तर ती सामानासुमानासकट नव्या घरी गेली असती.

मग त्या जागेत असं काय होतं? शॉ-मके यांच्या मते तिथे शेजारच नव्हता. माणसं येत होती, दोन पैसे हाताशी आले की निघून जात होती, भाषा वेगवेगळ्या, कुणाचं पोर कोण हे कुणाला ठाऊक नाही. हीच कल्पना पुढे रॉबर्ट सॅम्पसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोजून पाहिली. त्यांनी शिकागोच्या ३४३ वस्त्यांतल्या ८,७८२ रहिवाशांना विचारलेले प्रश्न वाचताना हसू येतं, इतके ते घरगुती आहेत. मुलं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असतील तर शेजारी त्यांना हटकतील का? एखादं पोर वडीलधाऱ्यांना उलटून बोललं तर कुणी कान पिळेल का? या वस्तीतली माणसं विश्वासाची आहेत का? १९९७ मध्ये आलेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की जिथे ‘हो’ अशी उत्तरं जास्त होती तिथे हिंसा कमी होती, आणि गरिबीचा हिशेब वेगळा काढल्यावरही हा फरक उरत होता. दारावर बसून पोरांवर डोळा ठेवणाऱ्या आजीबाईंना समाजशास्त्राने दिलेलं हे प्रशस्तिपत्र म्हणायला हरकत नाही.

गरिबीचा विषय निघालाच आहे तर रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाला टाळून चालणार नाही. १९३८ मध्ये त्याने मांडलं, की समाज सर्वांना एकच स्वप्न विकतो, श्रीमंत व्हा. पण तिथवर जाणारे सरळ रस्ते मोजक्यांनाच देतो. या ओढाताणीत काहीजण आडवाट धरतात. मांडणी पटते. मात्र ज्याच्याकडे आधीच सगळं आहे तो हिशेबाच्या वह्यांत फेरफार का करतो, हे तिच्यातून नीट कळत नाही. एडविन सदरलँडने नेमकं इथेच बोट ठेवलं. १९३९ मध्ये त्याने ‘पांढरपेशी गुन्हेगारी’ हा शब्द चलनात आणला आणि दहा वर्षांनी अमेरिकेतल्या ७० मोठ्या कंपन्यांचे कायदेभंग पुस्तकात नोंदवले. प्रकाशकाने खटल्यांच्या भीतीने कंपन्यांची नावं काढायला लावली. ती छापली जायला १९८३ उजाडलं!

गुन्हा शिकावा लागतो, हे सदरलँडचं म्हणणं. हत्यार कसं चालवायचं हे तर शिकायचंच, पण ‘सगळेच खातात, आपण खाल्लं तर काय बिघडलं’ हे मनाला पटवून देणंसुद्धा जवळच्या माणसांतच शिकलं जातं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण माहीत असलेल्याला हे नव्याने सांगायची गरज नाही. पण या संगतीचा एक परिणाम सहज लक्षात येत नाही, आणि तो फार महागात पडला आहे.

मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ मध्ये, मुलं गुन्ह्यांकडे वळू नयेत म्हणून, एक अत्यंत सद्भावनेचा उपक्रम सुरू झाला. ५०६ मुलगे घेतले आणि सारख्यासारख्या मुलांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला समुपदेशक, अभ्यासात मदत, दवाखाना, उन्हाळी शिबिरं. दुसऱ्याला काही नाही. कुणाला काय मिळणार हे नाणं उडवून ठरलं. तीस वर्षांनंतर जोन मॅकॉर्ड यांनी ती मुलं, आता प्रौढ माणसं, शोधून काढली. मदत मिळालेल्यांतले बरेचजण म्हणत होते, फार उपयोग झाला. नोंदी वेगळंच सांगत होत्या. मदत मिळालेल्यांत दारूचं व्यसन, मानसिक आजार, लवकर मृत्यू जास्त होते, आणि एकाहून अधिक गुन्हे करणारेही जास्त. पुढच्या विश्लेषणात दिसलं, की नुकसान मुख्यतः उन्हाळी शिबिरांना पुन्हापुन्हा गेलेल्या मुलांचं झालं होतं. वांड पोरं एकत्र आणली, की ती एकमेकांचे गुरू होतात. त्यात ‘सुधारण्यासाठी निवडलेला मुलगा’ हा शिक्का. हॉवर्ड बेकरने १९६३ मध्ये शिक्क्यांबद्दल जे लिहिलं ते हेच: गुन्हेगार ठरवलेला माणूस हळूहळू त्या नावाला जागू लागतो. गुन्हेगारी कमी करू पाहणाऱ्या प्रत्येक योजनेच्या दारावर हा अभ्यास टांगून ठेवावा, असं माझं मत आहे. चांगला हेतू हा पुरावा नव्हे.

मग उपयोग कशाचा होतो? शिक्षा वाढवा, असं म्हणणं सर्वांत सोपं. पण शिक्षा किती कडक, यापेक्षा पकडलं जाण्याची खात्री किती, याचा धाक जास्त बसतो, यावर अभ्यासकांचं बऱ्यापैकी एकमत आहे. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये आणखी खाली येऊन विचार केला. गुन्ह्याला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी लागतात: करणारा, हाताला लागण्याजोगी वस्तू, आणि राखणदाराची गैरहजेरी. १९६० च्या दशकात अमेरिकेत सुबत्ता वाढत असताना घरफोड्याही का वाढल्या? दिवसा घरं रिकामी राहू लागली होती, आणि घरातल्या वस्तू हलक्या झाल्या होत्या. १९६० मध्ये बाजारातला सर्वांत हलका टीव्ही सुमारे १७ किलोचा होता, १९७० मध्ये ७ किलोचा. काखेत मारून पळता येईल असा.

राखणदार म्हणजे पोलीसच असं नाही. फिलाडेल्फियात ओसाड पडलेल्या ५४१ भूखंडांवर प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही जागांवरचा कचरा काढला, हिरवळ आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं. एवढंच. २०१८ मध्ये निकाल आले, तेव्हा सर्वांत गरीब वस्त्यांत अशा जागांभोवतीचा गोळीबार २९ टक्क्यांनी घटला होता. बंदुका लपवायला गवत उरलं नव्हतं, आणि माणसं पुन्हा बाहेर येऊन बसू लागली होती.

गुन्ह्यांत आधीच रुतलेल्यांचं काय, हा प्रश्न उरतो. १९४० च्या आसपास सुधारगृहांत टाकलेल्या बॉस्टनच्या ५०० मुलांची बारकाईने नोंद झाली होती. ती कागदपत्रं हार्वर्डमध्ये एका तळघरात खोक्यांत पडून होती. सॅम्पसन आणि जॉन लाउब यांनी ती उघडली आणि त्यातले काहीजण सत्तरीला टेकलेले असताना त्यांना जाऊन भेटले. बहुतेकांनी कधीच गुन्हे सोडले होते. वाटेत कुणाला टिकणारी नोकरी लागली होती, कुणी सैन्यात गेलं होतं, कुणाचं लग्न झालं होतं आणि संध्याकाळी घरी वाट पाहणारं कुणी होतं. पण नक्की कधी सोडायचं ठरवलं, हे पुष्कळांना सांगता येईना. ठरवलं असं काही नव्हतंच. कामावर जाणं, घरी येणं सुरू झालं, आणि जुन्या दोस्तांकडे जायला वेळच उरला नव्हता.