याकूत: नाव, खिताब आणि मधला गोंधळ

मुलांच्या अरबी नावांच्या याद्यांत 'याकूत' असतो. पुढे अर्थ म्हणून 'माणिक' एवढाच शब्द असतो. यादी वाचून वाटावे की हे नाव सर्रास ठेवले जात असेल, पण मुलग्यांच्या वाट्याला ते क्वचितच येते. अर्थ चांगला, उच्चार सोपा, कुराणात शब्द आलेला, तरीही मागणी नाही. हे का, ते कळायला नाव कोण कोणाला देत असे हे पाहावे लागते.

अर्थाचे आधी आटोपून घेऊ. 'माणिक' हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. जुन्या अरबी रत्नपरीक्षेत याकूत म्हणजे आज ज्याला कुरुंद (कोरंडम) म्हणतात त्या जातीचा खडा, मग रंग तांबडा असो, पिवळा असो वा निळा. तांबडा तो याकूत अहमर, पिवळा याकूत अस्फर, निळा आपला नीलम. नुसता याकूत म्हटला की तांबडा धरायचा, कारण भाव त्याला. बदख्शानातून येणारा 'लाल' (आजचा स्पिनेल) दिसायला तसाच, पण जात वेगळी. 11व्या शतकात अल-बिरूनीने निळ्या याकुताचे वजन 100 धरून तेवढ्याच आकारमानाचे इतर खडे तोलले, तेव्हा लाल 90च्या आसपास भरला. आजच्या मोजणीत कुरुंदाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे 4.0 आणि स्पिनेलचे सुमारे 3.6 येते, म्हणजे प्रमाण तेच. शब्द मूळचा ग्रीक, 'हुआकिंथोस'. तो सिरियाक आणि पहलवी वळणांनी अरबीत पोचेपर्यंत मधला अनुनासिक गळून पडला. याच ग्रीक शब्दापासून इंग्रजीत 'हायसिंथ' फुलाचे नाव झाले, म्हणजे दूरच्या नात्याने आपल्या नद्या गुदमरवणारी जलपर्णीही याकुताच्या गोतातली. सैबेरियातल्या याकूत लोकांचा मात्र याच्याशी काही संबंध नाही. तिथे हिरे निघतात म्हणून तो जोडला जातो, एवढेच.

कुराणात हा शब्द एकदाच येतो, सूरह अर-रहमानच्या 58व्या आयतीत, स्वर्गातल्या स्त्रियांच्या सौंदर्याला दिलेल्या उपमेत. माणसाचे नाव म्हणून नव्हे.

माणसाचे नाव म्हणून तो रूढ झाला गुलामांच्या बाजारात. अब्बासी काळात विकत घेतलेल्या मुलाला मालक नवे नाव देई, आणि ती नावे रत्नांची, सुगंधांची, शुभशकुनाची असत: याकूत, जौहर, लुलू (मोती), मर्जान (पोवळे), अंबर, काफूर (कापूर), मिस्क (कस्तुरी), रैहान. स्वतंत्र अरब आपल्या मुलाला कल्ब (कुत्रा) किंवा हर्ब (युद्ध) म्हणेल, आणि दारातल्या गुलामाला मोती म्हणेल. असे का, यावर जुन्या ग्रंथांत एक उत्तर नोंदलेले आहे: मुलांची नावे आम्ही शत्रूंसाठी ठेवतो, गुलामांची स्वतःसाठी. उत्तर चटपटीत आहे, पण त्यात मालकी उघडी पडते.

त्यामुळे मध्ययुगीन चरित्रकोशात 'याकूत' दिसला की त्याचे मूळ बहुधा रूमी (बायझंटाईन मुलखातला) किंवा हबशी (अबिसिनियातला) असणार, आणि बापाच्या जागी 'इब्न अब्दुल्ला' असणार. हा अब्दुल्ला खरा बाप नव्हे. बाप माहीत नसलेल्याच्या, नव्याने मुसलमान झालेल्याच्या नावापुढे 'देवाच्या दासाचा मुलगा' असे लावायची रीतच होती. प्रसिद्ध भूगोलकार याकूत अल-हमवी (1179–1229) हा याचा ठळक नमुना. आई-बाप ग्रीक, लहानपणी बगदादेत विकला गेलेला. 'हमवी' ही ओळखही त्याच्या मालकाच्या गावाची, हमात शहराची. पण खरी बोलकी नोंद पुढची आहे: नावलौकिक झाल्यावर त्याने स्वतःला याकूब म्हणवून घ्यायला सुरुवात केली. त्याच काळातला याकूत नावाचा दुसरा एक रूमी कवी, तोही पुढे अब्दुर्रहमान झाला. ज्यांना नाव बदलण्याइतकी प्रतिष्ठा मिळाली त्यांनी ते टाकले, यावरून लोकप्रियतेचा अंदाज येतो. सुलेखनकार याकूत अल-मुस्तआसिमी (मृत्यू 1298) याने ते टाकले नाही. बोरूची जीभ तिरकी कापून त्याने अरबी सुलेखनाच्या सहा लिपींना जे वळण दिले, त्याने 'याकूत' हा शब्द सुंदर हस्ताक्षराचा पर्याय होऊन बसला. दिल्लीत रझियाचा अश्वशाळाप्रमुख, 1240मध्ये मारला गेलेला जमालुद्दीन याकूत, हा हबशी होता.

दख्खनेत आणि कोकणात हे नाव आले ते याच हबशी वाटेने, आणि इथे त्याची चाल बदलली. विजापूरच्या जामा मशिदीत सोनेरी मिहराबाचे (नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याचे) काम 1045 हिजरीत, म्हणजे 1636च्या सुमारास, मोहम्मद आदिलशहाच्या पदरच्या याकूत दाभोळीने करवले. दाभोळी म्हणजे दाभोळचा. निजामशाहीत मलिक अंबरनंतर पुढे आलेला एक हबशी सरदार याकूत खान 1633मध्ये दौलताबादच्या वेढ्यात पडला. इथे नावामागे 'खान' लागलेला आहे हे लक्षात ठेवावे, कारण पुढचा सगळा घोळ याच शेपटीचा आहे.

जंजिऱ्याचा 'सिद्दी याकूत खान' हा माणूस की हुद्दा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. 1670–71च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या रेट्याखाली जंजिऱ्याचा सिद्दी मुख्य फत्तेखान किल्ला देऊन टाकायच्या बेतात होता. तेव्हा सिद्दी संबळ, सिद्दी कासिम आणि सिद्दी खैरियत यांनी त्याला कैद केले आणि ते विजापूर सोडून मोगलांकडे गेले. औरंगजेबाने संबळला आरमाराचा मुख्य केले, कासिमकडे जंजिरा आणि खैरियतकडे किनाऱ्यावरचा मुलूख राहिला. एका मताप्रमाणे याच वेळी विजापूरकरांचा जुना 'वजीर' हा किताब जाऊन त्याजागी 'याकूत खान' आला, आणि तो आरमारी सरदारकीबरोबर एकाकडून दुसऱ्याकडे गेला. दुसऱ्या मताप्रमाणे तो कासिमचा व्यक्तिगत किताब. फारसी बखरकार खाफीखान तर 1671च्या हकिगतीतच 'सिद्दी याकूत' असे सरळ नाव घेतो, म्हणजे किताब आधीचा की लिहिणाऱ्याने नंतरचे नाव मागे चिकटवले, हेही ठरवावे लागते.

परिणाम असा की 1671च्या शिमग्याच्या रात्री जंजिऱ्यासमोरची दंडा-राजपुरी परत घेणारा, आणि 1689मध्ये शिवडीला उतरून माझगाव घेणारा व मुंबईच्या किल्ल्याला वेढा घालणारा, हे दोघे कित्येक पुस्तकांच्या सूचीत काहीही न तपासता एका ओळीत येतात. ते एकच असतीलही. पण 1677च्या सुमारास संबळला काढून कासिमला आरमार दिले गेले, संबळने ते सोडायला नकार दिला आणि दोघांची भांडणे मुंबईत इंग्रजांच्या दारात मिटवावी लागली. तेव्हा या वर्षाच्या अलीकडचा आणि पलीकडचा 'याकूत खान' डोळे मिटून एक धरता येत नाही. 1689–90चा वेढा कासिमचा, याबद्दल वाद नाही. ईस्ट इंडिया कंपनीने औरंगजेबाला दीड लाख रुपये दंड भरून माफी मागितल्यावर जून 1690मध्ये तो उठला. मुरुडजवळ खोकरीला जे तीन घुमट आहेत त्यांतला एक याच कासिम याकूत खानाचा.

किताब मानण्याच्या बाजूने पुरावा जड आहे. कासिम हे मूळ नाव वेगळे नोंदलेले आहे, आणि रत्नाचे नाव अधिक 'खान' हा दरबारी किताबांचा ठरलेला साचा आहे. मात्र हबशी सरदारालाच हे रत्न का मिळावे, याचे उत्तर जुन्या गुलामी नावांतच आहे. बगदादच्या मालकाने बाजारात दिलेला शब्द बादशहाने शेकडो कोसांवरच्या आरमारप्रमुखाला मान म्हणून दिला. मान खरा होता, पण देणारा आणि घेणारा यांच्यातले अंतर तेच राहिले.

मराठीत या गोंधळात 'याकूब'ची भर पडली, आणि ती निष्काळजीपणाने पडली असेच म्हणावे लागते. याकूब म्हणजे पैगंबर याकूब, वेगळे हिब्रू मूळ, वेगळी अक्षरे. मूळ फारसी कागद समोर असेल तर तपासणी सोपी आहे. घाईच्या लेखनात नुक्ते (अक्षरांचे ठिपके) गळतात, आणि शब्दाच्या शेवटी सुटे आलेले 'ते' आणि 'बे' या अक्षरांचा होडीसारखा आकार एकसारखाच दिसतो, म्हणून शेवटचे अक्षर पाहून निर्णय देऊ नये. दुसरे अक्षर पाहावे. याकूतमध्ये ते अलिफ आहे, उभी रेघ, आणि अलिफ पुढच्या अक्षराला जोडला जात नाही, त्यामुळे शब्द तिथे तुटतो. याकूबमध्ये दुसरे अक्षर ऐन आहे, ते काफला जोडलेले असते आणि ओळ वावपर्यंत सलग जाते. अबजद पद्धतीने, म्हणजे अक्षरांच्या ठरलेल्या अंकांची बेरीज करून, काढलेल्या कालश्लेषांतही (शब्दांत गुंफलेल्या सनांतही) फरक पडतो: याकूतचे 517 (10+1+100+6+400), याकूबचे 188.

देवनागरीत 'याकूत' आणि 'याकुत' दोन्ही दिसतात, त्याला कारण मराठी व्याकरण. अकारान्त शब्दाचा उपान्त्य ऊकार दीर्घ, पण सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो, जसे वकील–वकिलाला. म्हणून खडा असेल तर 'याकूत' आणि 'याकुताचा रंग'. माणसाचे नाव असेल तर ते न मोडता 'याकूतने', 'याकूतला' लिहावे. विभक्तीतले रूप पाहून मूळ नावच 'याकुत' धरले की दाखल्यावर ऱ्हस्व उकार बसतो. रोमन स्पेलिंगात काफसाठी क्यू घ्यायचा की के, ऊसाठी यू की डबल ओ, हे एकदा ठरवून जन्मदाखला, शाळा आणि पासपोर्ट तिन्हीकडे तेच ठेवलेले बरे. दफ्तरात याकूबचे प्रमाण मोठे असल्याने लिहिणाऱ्याचा हात आपोआप 'ब'कडे वळतो, तेव्हा अर्ज देताना शेवटचे अक्षर तोंडाने सांगावे.

आज रत्नांची बहुतेक अरबी नावे मुलींकडे गेली आहेत. लुलू आणि मर्जान बरेचसे, याकूतही त्याच वाटेने, बहुधा 'याकूता' या स्त्रीलिंगी रूपात. मुंबईच्या दाऊदी बोहरा घरांत याकूता नावाच्या बायका सहज भेटतात. युनानी दुकानात 'मुफर्रिह याकूती' ही औषधी मिळते. मुलगा याकूत मात्र शोधावा लागतो.