दूरच्या गावाचं पेन्सिलचित्र: फ्रेम करण्याआधी

पेन्सिलचित्र फ्रेमसाठी आलं की एक प्रश्न हमखास येतो: "चित्र फार फिकट झालंय, जरा उठाव आणता येईल का?" म्हणूनच हे पत्रक.

पेन्सिलीचं शिसं म्हणजे खरं तर ग्रॅफाइट, कार्बनचंच एक रूप. ते उन्हानं उडत नाही. शाई विटते, जलरंग विटतात, कागद पिवळा पडतो. पेन्सिलीची रेघ फक्त पुसली जाते. तेव्हा चित्रातलं लांबचं गाव फिकट दिसत असेल, तर चित्रकारानं ते बहुधा तसंच काढलेलं असतं.

पसरणी घाटातून वाई पाहिली असेल तर हे लगेच पटेल. जवळच्या झाडाचं पान न् पान दिसतं, पण खालची कौलं आणि देवळांचे कळस धूसर होतात. हवेतली धूळ आणि बाष्प मधे येतं, काळं तितकं काळं राहत नाही. चित्रकार हेच पेन्सिली बदलून साधतो. १७९५ मध्ये फ्रान्समध्ये काँते यांनी ग्रॅफाइटमध्ये माती मिसळून पेन्सिली करण्याची पद्धत काढली. माती जास्त तेवढी पेन्सिल कडक आणि रेघ फिकी. जवळच्या दगडाला मऊ, गडद २बी, लांबच्या गावाला कडक, फिकी २एच.

अशाच एका वाईच्या चित्रात कृष्णेला एकही रेघ नव्हती. दोन्ही काठांच्या मधे कोरा कागद सोडला होता, आणि तेच पाणी. ढोल्या गणपतीचं देऊळ भिंगाखाली पाहिलं तर अवघ्या चार-पाच रेघा. देवळाची मागची भिंत पूर फोडण्यासाठी माशाच्या आकाराची बांधली आहे, वाईत सगळ्यांना ठाऊक. पण घाटातून ती दिसत नाही, म्हणून काढलेली नाही. माहीत असून न काढणं, हे आम्हाला त्या चित्रात सगळ्यात आवडलं.

असं चित्र आधी हातभर अंतरावरून पाहा, मग जवळून. खिडकीपाशी जरा तिरकं धरलंत तर जिथे हात दाबून चालला तिथे ग्रॅफाइट चमकतं.

रेघा गडद करून द्यायला आम्ही नम्रपणे नकार देतो. गाव गडद केलं की ते जवळ येतं आणि मधली सगळी हवा जाते. त्याऐवजी माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, बदलून पाहू. पांढराशुभ्र माउंट जुन्या कागदाला मळकट दाखवतो आणि जाड सोनेरी पट्टी नाजूक रेघा गिळून टाकते. किंचित पिवळसर, रुंद माउंट आणि बारीक लाकडी पट्टी बहुतेकदा शोभते.

काच चित्राला टेकता कामा नये, ते अंतर माउंटमुळेच राहतं. माउंट आणि मागचा बोर्ड दोन्ही ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेले, घ्या, थोडे महाग पडतात तरी. सेलोटेप कृपया लावू नका. काही वर्षांत कागदावर तपकिरी डाग उमटतो आणि तो काढणं फार कठीण. आम्ही चित्र वरच्या कडेला जपानी कागदाच्या पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीनं टांगतो, म्हणजे पावसाळ्यात कागदाला फुगायला जागा राहते. बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका. बुरशी आणि कसर तिथूनच सुरू होते.

दुकानात आणताना चित्राची गुंडाळी करू नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये, वर गुळगुळीत कागद ठेवून, सपाट आणा. धूळ दिसली तरी खोडरबर किंवा फडकं लावू नका, ती आम्ही मऊ ब्रशनं काढू.