भावनांचं आत्मनिरीक्षण

आत्ता मनात कुठली भावना उठलीय, ती अंगात कुठे जाणवतेय, कशाने आली आणि ती आपल्याला काय करायला लावतेय हे आपलं आपणच बघणं म्हणजे भावनांचं आत्मनिरीक्षण. मोठा शोक किंवा जिवावर बेतलेली भीती इथे मुख्यतः अपेक्षित नाही, विषय आहे तो रोजच्या बारीकसारीक भावनांचा, म्हणजे वैताग, हुरहूर, चुटपुट, कुणी चारचौघांत टोकलं की येणारी तिडीक वगैरे. मराठीत आत्मपरीक्षण हा शब्द जास्त चालतो, पण परीक्षण म्हटलं की मार्क आले, चूक-बरोबर आलं, निरीक्षणात नुसतं बघणं आहे म्हणून इथे तोच शब्द घेतलाय. साक्षीभाव हा शब्दही बरेच जण याच अर्थाने वापरतात, पण वेदान्तातला साक्षी भावनांच्या पलीकडे बसलेला असतो, आपल्याला राग का आला हे समजून घेण्यात त्याला काही रस नसतो, तेव्हा दोन्ही एकच म्हणणं जरा घाईचं वाटतं.

याचा उगम कुठे धरायचा यावर एकमत नाही. एक बाजू बौद्धांच्या पाली परंपरेकडे बोट दाखवते. सतिपट्ठान सुत्त या प्रवचनात काय (म्हणजे शरीर), वेदना, चित्त आणि धम्म (म्हणजे मनात येणारे विषय) अशा चार गोष्टींकडे लक्ष ठेवायला सांगितलंय, त्यातली वेदना म्हणजे आपल्या मराठीतली दुखणारी वेदना नव्हे, सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशी कुठलीही संवेदना त्यात येते (इथे मराठी वाचक हमखास फसतो). चित्ताच्या भागात राग असलेलं चित्त राग असलेलं आहे, द्वेष असलेलं चित्त द्वेष असलेलं आहे एवढंच जाणायचं असतं, आणि इथला राग म्हणजेही संताप नाही, आसक्ती. संताप तिकडे द्वेषात जातो. हे ग्रंथ श्रीलंकेत साधारण इ.स.पू. पहिल्या शतकात लिपिबद्ध झाले असं मानतात, मौखिक रूपात ते त्याहून जुने आहेत पण किती जुने यावर अभ्यासकांत फरक आहे. दुसरी बाजू स्टोइक, म्हणजे मनावर ताबा शिकवणाऱ्या ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांपासून सुरुवात करते. त्यांच्यातला सेनेका, इ.स. पहिलं शतक, रागावरच्या लेखनात सांगतो की तो रोज रात्री दिवा विझल्यावर दिवसभरात काय केलं काय बोललं ते सगळं तपासतो, पण त्याची भाषा बघितली तर ती कोर्टाची आहे, तो स्वतःसमोरच स्वतःची केस मांडतो आणि नंतर स्वतःला माफही करतो. म्हणजे ते आपल्या अर्थाने परीक्षण झालं. नुसतं बघण्याची परंपरा शोधायची असेल तर पाली बाजूचं पारडं जड वाटतं, अर्थात तिथलं उद्दिष्ट मुक्तीचं होतं, आपलं रोजचं वैतागणं समजून घेण्याचं नव्हतं.

आधुनिक मानसशास्त्रात हा विषय एका अडचणीच्या प्रश्नातून आला, तो म्हणजे भावना चालू असताना ती बघता येते का? फ्रेंच तत्त्वज्ञ ऑगस्त कोंतने १८३० मध्ये आक्षेप घेतला की माणसाचे दोन तुकडे होत नाहीत, एकाने विचार करायचा आणि दुसऱ्याने तो बघत बसायचा असं जमत नाही. हा आक्षेप सगळीकडे उद्धृत होतो, पण त्याच्या जरा आधीच कोंतने भावनांना थोडी सूट दिली होती हे मात्र बऱ्याचदा गाळलं जातं. त्याच्या मते भावना आणि निरीक्षण यांची इंद्रियं वेगळी असल्याने स्वतःच्या भावना बघणं निदान कल्पनेत तरी शक्य आहे, फक्त भावना तीव्र झाली की निरीक्षण बंद पडतं, त्यामुळे शास्त्राला त्याचा फारसा उपयोग नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८६५ मध्ये उत्तर दिलं की त्या क्षणी नाही तर क्षणभरानंतर, आठवण ताजी असताना बघा. जर्मन तत्त्वज्ञ फ्रान्झ ब्रेंटानोने १८७४ मध्ये याला सगळ्यात नेमकं रूप दिलं. त्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या, भावना जाणवणं आणि भावनेकडे मुद्दाम लक्ष देऊन बघणं. पहिली गोष्ट आपोआप होते, दुसरी चालू भावनेबाबत होऊच शकत नाही, कारण आत उसळणारा राग बघायला गेलो तर तेवढ्यात तो थोडा उतरलेला असतो आणि जे बघायचं होतं तेच हातातून निसटतं. गंमत म्हणजे ब्रेंटानोला जी पद्धतीतली अडचण वाटली तीच, म्हणजे बघताच राग उतरणं, आज लोकांना औषध वाटते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनेही १८९० मध्ये बराचसा मिलचाच मार्ग धरला, म्हणजे निरीक्षण हे खरं तर लगेच मागे वळून बघणं असतं, आणि रोजच्या अनुभवाशी हेच मत जास्त जुळतं.

पुढे मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंटच्या जर्मनीतल्या लाइपझिगच्या प्रयोगशाळेपासून (१८७९) अंतर्निरीक्षण, म्हणजे स्वतःच्या मनात बघून सांगणं, ही शास्त्राची पद्धत झाली, आणि १९१३ मध्ये फक्त बाहेरचं वागणं अभ्यासावं म्हणणाऱ्या जॉन वॉटसनने ती मोडीत काढायची मागणी केली. मधला काळ इथे सोडून देऊ. १९७७ चा मानसशास्त्रज्ञ निस्बेट आणि विल्सन यांचा लेख मात्र सोडता येत नाही. त्यांचं म्हणणं असं की मनात काय चाललंय ते माणूस सांगू शकतो पण ते कशामुळे चाललंय हे सांगताना बऱ्याचदा पटण्यासारखं कारण रचून सांगतो. त्यांच्या एका पाहणीत चार एकसारखे मोजे ओळीत ठेवून सगळ्यात चांगला निवडायला सांगितलं, लोकांचा कल उजवीकडच्या टोकाकडे निघाला, आणि कारण विचारल्यावर जागेचं नाव कुणीच आपणहून घेतलं नाही. भावनांच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे, ‘मला चीड आलीय’ हे विधान बऱ्यापैकी धरून चालता येतं, ‘तुझ्यामुळे आलीय’ हे तपासून घ्यावं लागतं.

शरीराचा मुद्दा जेम्सनेच १८८४ मध्ये आणला होता, वर्षभरात डॅनिश डॉक्टर कार्ल लांगेनेही स्वतंत्रपणे तसंच मांडलं, की आधी छाती धडधडते आणि ती धडधड जाणवणं हीच भीती. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅननने १९२७ मध्ये विरोध केला, कारण वेगवेगळ्या भावनांत शरीरातले बदल जवळपास सारखेच असतात आणि ते हळूही होतात. वाद पुरता मिटलेला नाही. मराठीला विचाराल तर ती जेम्सच्या बाजूची निघेल, आपल्याकडे भीती म्हणजे पोटात गोळा, राग म्हणजे तळपायाची आग मस्तकात, काळजी म्हणजे जीव खालीवर. निरीक्षण शिकवणारे बहुतेक जण शरीरापासूनच सुरुवात करायला लावतात, कारण आवळलेला जबडा नाकारता येत नाही, राग नाकारता येतो.

उदाहरणार्थ, आपण मोठा मेसेज टाकला आणि समोरून नुसतं ‘बरं’ आलं. विचारलं तर आपण म्हणणार काही नाही, मी ठीक आहे. पण खांदे वर चढलेत, अंगठा सारखा स्क्रीनवर जातोय, आणि पुढचा रिप्लायही तेवढाच तुटक द्यायचा असं मनात ठरूनही गेलंय. याला पहिलं नाव राग दिलं जातं. जरा थांबून बघितलं तर रागाची गरमी तिथे नसतेच, हिरमोड असतो, आणि त्याच्याखाली ‘मी नकोसा झालोय का’ अशी बारीक धास्ती. राग समजून वागलं तर भांडण होतं, धास्ती ओळखली तर माणूस सरळ विचारतो, घाईत आहेस का म्हणून.

नावं ठेवण्याचा, म्हणजे भावनांना नाव देण्याचा, भाग आपल्याकडे शास्त्राइतकाच जुना आहे. नाट्यशास्त्रात ८ स्थायी (टिकून राहणारे), ३३ व्यभिचारी (येऊन-जाऊन असणारे) आणि ८ सात्त्विक (घाम, कंप असे अंगावर दिसणारे) असे एकूण ४९ भाव मोजलेत, काळ साधारण इ.स.पू. २०० ते इ.स. २०० असा सांगतात पण तोही अंदाजच. अर्थात ती यादी रंगमंचावर भाव दाखवण्यासाठी होती, स्वतःत शोधण्यासाठी नाही, तरी ग्लानी, शंका, असूया, आवेग असे फरक करणाऱ्याला निरीक्षणाची सवय होती हे नक्की. लिसा फेल्डमन बॅरेट यांनी अलीकडे भावनांच्या बारकाव्याची कल्पना मांडली, कुणी सगळ्यालाच ‘बोअर’ किंवा ‘टेन्शन’ म्हणतं तर कुणाला रुखरुख आणि चुटपुट वेगळी कळते. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या प्रयोगात चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डाला या भीतीसारख्या भावनांशी निगडित भागाची हालचाल कमी दिसली, पण तिथे चेहरे दुसऱ्यांचे होते, त्यावरून स्वतःच्या भावनेबद्दल किती ताणायचं ते जपूनच.

ज्यांना भावना ओळखणं आणि सांगणं फार अवघड जातं त्यांच्यासाठी पीटर सिफ्निओसने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अलेक्सिथायमिया हा शब्द काढला, ती अडचण मोजणारी टोरोंटो प्रश्नावली २० प्रश्नांची आहे. ज्याला आतलं दिसतच नाही त्यालाच आत काय दिसतं हे विचारायचं, हा तिच्यातला दोष जुना आहे. म्हणून रिचर्ड लेन आणि सहकाऱ्यांच्या चाचणीत प्रसंग देतात, तुला आणि समोरच्याला काय वाटेल ते लिहायला लावतात आणि गुण शब्दांच्या बारकाव्याला मिळतात.

निरीक्षण नेहमी हितकारकच असतं असं नाही. तेच तेच उगाळत बसणं बाहेरून निरीक्षणासारखंच दिसतं. सुसन नोलन-होक्सेमा यांनी या उगाळण्याचा नैराश्याशी संबंध दाखवला, आणि १९९९ मध्ये ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल यांनी उगाळणं आणि कुतूहलाने बघणं हे दोन वेगळे कल म्हणून मोजले, कारण स्वतःकडे जास्त लक्ष देणाऱ्यांना स्वतःची ओळखही जास्त आणि त्रासही जास्त असं कोडं समोर येत होतं.

आठवणीवर विसंबायला नको म्हणून मिहाय चिक्सेंटमिहाय आणि रीड लार्सन यांनी १९७० च्या दशकात लोकांना पेजर दिले, दिवसात कधीही तो वाजायचा आणि त्या क्षणी काय वाटतंय ते लिहायचं, आता हेच काम फोनवरची ॲप्स करतात. मिलचा क्षणभराचा उशीर त्यामुळे बराच कमी झाला. ब्रेंटानोचा आक्षेप मात्र तिथेच आहे, कारण ऐन रागात फोन वाजला की राग उतरतो, आणि नोंदवायला उरतो तो फोन वाजल्याचा वैताग.