ड्राय बॅग गळते म्हणून परत आणण्याआधी हे वाचा

आमच्याकडून ड्राय बॅग (सामान पावसात कोरडं ठेवणारी पिशवी) नेलेल्या आणि नेणार असलेल्या सगळ्या ग्राहकांसाठी

जून संपत आला की दुकानात एकच तक्रार सुरू होते, "पिशवी गळते." सोमवारी शटर वर करायच्या आत कोणीतरी पायरीवर उभं असतं. हातात चिखलाने माखलेली पिशवी आणि आत रविवारच्या हरिहर ट्रेकचे ओले कपडे. आम्ही ती रिकामी करतो, हवा भरून तोंड गुंडाळतो आणि मागच्या बादलीत दाबून धरतो. पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे बघतो ना, तसंच. बहुतेक वेळा एकही बुडबुडा येत नाही. म्हणजे पिशवी धड असते. पाणी तोंडातून शिरलेलं असतं, कारण सामान काठोकाठ कोंबलेलं असतं आणि तोंड गुंडाळायला कापडच उरलेलं नसतं.

ड्राय बॅगला चेन नसते, ती गुंडाळूनच बंद होते. तोंडाला ताठ पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा एकमेकींवर बरोबर जुळवा. पिशवी गुडघ्याखाली दाबून आतली हवा काढा. मग पट्टी एकाच दिशेने गुंडाळत जा. कमीत कमी तीन वेढे पूर्ण झाले पाहिजेत, चार झाले तर उत्तम. त्यानंतर दोन्ही टोकं वळवून बक्कल लावा. दोन्ही थर एकमेकांवर घट्ट बसले की पाण्याला आत यायला तेवढी लांब आणि अरुंद वाट कापावी लागते, म्हणून पाऊस आत पोचत नाही. दीड वेढा देऊन बक्कल ओढूनताणून लावलं, तर ती वाट बोटभरच राहते. वेढ्यात चुणी पडली तरी तेच होतं, चुणीतून पाणी पन्हळीतून यावं तसं आत उतरतं. चुणी दिसली की उलगडून पुन्हा गुंडाळा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता हिशोब बघा. तीन वेढ्यांना कापड लागतं, त्यामुळे 20 लिटरच्या पिशवीत 20 लिटर सामान भरायचंच नसतं. वरचा साधारण पाव भाग मोकळा ठेवायचा. म्हणून तुम्ही "वीस लिटर द्या" म्हणालात की आम्ही आधी विचारतो, आत काय ठेवणार? स्लीपिंग बॅग असेल तर एक माप मोठी सुचवतो. काहींना वाटतं, महागातली गळ्यात मारतायत. तसं वाटत असेल तर सामान घेऊन दुकानात या, इथेच भरून बघा. तीन वेढे देऊन छोटीत बसलं तर आम्ही छोटीच देतो, आणि तशी कितीदा दिलीही आहे.

दुसरी तक्रार असते, "वरून थेंब नाही, पण आत ओल आहे." ही गळती नसते. गडावर पहाटे धुक्यात सामान आवरलं, दमट हवा आणि घामाचा टीशर्ट दोन्ही पिशवीत बंद केले, की ती वाफ आतल्या आत थंड होऊन कापडाला थेंब धरतात. जी पिशवी बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, ती आतलंही बाहेर जाऊ देत नाही. ओले कपडे कायम वेगळ्या पिशवीत ठेवा. कॅमेरा असेल तर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका. आमच्याकडे काउंटरवर डबा भरून असतात, मागून घ्या, पैसे नाहीत.

कापडाबद्दल थोडं. पीव्हीसीची जाड ताडपत्रीसारखी पिशवी खडकावर घासली तरी लवकर फाटत नाही. बाइकच्या कॅरिअरवर बांधायला, कयाकच्या (छोट्या वल्ह्याच्या होडीच्या) तळाशी ठेवायला तीच घ्या. वजनाला जड असते आणि लडाखच्या थंडीत ताठ होते, मग पहाटे थंड बोटांनी वेढे बसवताना नाकी नऊ येतात. सॅकच्या आत ठेवायची असेल तर पातळ नायलॉनची पुरते. तिला पीयू (पॉलियुरेथेन) किंवा सिलिकॉनचा लेप असतो, घडी केली तर मुठीत मावते. पण तिला घेऊन बाभळीच्या काट्यांतून जाऊ नका. दोन्हींच्या मधली म्हणजे टीपीयूचा (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा) लेप दिलेली नायलॉन. थंडीतही मऊ राहते, घासलेलंही बऱ्यापैकी सोसते. किंमत जास्त आहे, पण दरवर्षी आठ-दहा ट्रेक करणाऱ्यांना आम्ही हीच सांगतो.

लेबलवर 70 डेनियर, 420 डेनियर असं लिहिलेलं असतं. 9000 मीटर सुताचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. म्हणजे हा आकडा धाग्याच्या जाडीचा आहे, पाणी अडवण्याचा नाही. पाणी अडवतो तो लेप आणि जोड. म्हणून पिशवी हातात घेतली की आधी उलटी करून जोड बघा. पीव्हीसीचा जोड उष्णतेने वितळवून एकजीव केलेला असतो, तिथे सुईचं भोक नसतं. नायलॉनला बहुतेक वेळा शिलाई असते, तिच्यावर आतून टेप चिकटवलेली असावी लागते. टेपचा कोपरा नखाने हलकेच उचलून बघा. आत्ताच सुटत असेल तर दोन पावसाळे टिकणार नाही. नुसत्या शिलाईवर विकल्या जाणाऱ्या स्वस्त पिशव्या आम्ही ठेवतच नाही.

ही पिशवी बुडवून ठेवायची वस्तू नाही, हेही स्पष्ट सांगतो. मुसळधार पाऊस, नदी ओलांडताना उडणारं पाणी, क्षणभर पाण्यात पडणं एवढं ती झेलते. सांदण दरीतल्या डोहातून जाताना सॅक डोक्यावर घ्यायची आणि आत ड्राय बॅग असू द्यायची, ही पद्धत बरोबर. पाण्यावर तरंगायला हवी असेल तर थोडी हवा आत ठेवून गुंडाळा. मोबाइलसाठी मात्र आयपीएक्स 7 (पाणी अडवण्याचा दर्जा) लिहिलेलं वेगळं पाऊच घ्या. त्या दर्जाची चाचणी 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं बुडवून होते. गुंडाळायच्या पिशवीकडून ती अपेक्षा ठेवू नका.

"सॅकला रेनकव्हर आहे, मग हिची काय गरज?" हाही रोजचा प्रश्न. रेनकव्हर सॅकच्या बाहेरच्या बाजूने बसतं, पाठीकडची बाजू उघडीच राहते. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात मानेवरून ओघळणारं पाणी पाठीच्या पॅडमधून आत झिरपतं आणि सॅकच्या बुडाशी साचतं. स्लीपिंग बॅग बरोबर तिथेच असते. एका दिवसाच्या अंजनेरी-ब्रह्मगिरीसाठी सॅकमध्ये जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी अस्तरासारखी घातली तरी भागतं, त्यासाठी आमच्याकडे पैसे घालवू नका. मुक्काम असेल, कॅमेरा असेल किंवा औषधं असतील तेव्हा या. निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला पायी जाणारे आमचे काही काका-मावशी दरवर्षी 5 लिटरची एकच पिशवी नेतात. त्यात रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, फोन आणि पैसे. त्यांना तेवढंच लागतं. बाकीच्यांना आम्ही एका मोठ्या पिशवीपेक्षा वेगवेगळ्या रंगांच्या तीन लहान घ्यायला सांगतो. भर पावसात टॉर्च शोधायला सगळं सामान उपसावं लागत नाही, आणि एकीत पाणी गेलं तरी बाकीच्या दोन कोरड्या राहतात.

मागच्या पावसाळ्यात एका ग्रुपने सहा पिशव्या नेल्या. महिन्याने सहाही परत आल्या, सगळ्या गळत होत्या. बादलीत धरली तर बुडबुड्यांची अक्षरंच उमटली. टेलरकडून पिशव्यांवर ग्रुपचं नाव भरतकाम करून घेतलं होतं, एकेका अक्षरात वीस-वीस भोकं. मुलांचे चेहरे इतके पडले की आम्हालाच वाईट वाटलं. आतून पट्ट्या लावून दिल्या, पण त्या पिशव्या पहिल्यासारख्या झाल्या नाहीत. नाव घालायचं असेल तर पट्ट्याला टॅग बांधा. पिशवीला सुई, सेफ्टी पिन, स्टेपलर काहीही लावू नका.

ट्रेकहून आलात की साध्या पाण्याने धुवा, उलटी करून सावलीत वाळवा, मग सैल गुंडाळून ठेवा. ओलसर पिशवी घडी करून माळ्यावर टाकली तर पीयूचा लेप काही वर्षांत चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो आणि पापुद्रे सुटतात. तसं झालं की दुरुस्ती नाही. छोटं भोक पडलं तर घरी झटपट गोंद लावू नका. तो वाळून कडक होतो आणि घडीवर तडकतो. शिवाय पीव्हीसीला वेगळं सोल्युशन लागतं, सिलिकॉनच्या लेपावर सिलिकॉनशिवाय दुसरं काही धरत नाही. आमच्याकडून नेलेल्या पिशवीला पहिली पट्टी आम्ही फुकट लावून देतो.

बदलून देण्याचा नियम साधा आहे. बादलीत जोडातून बुडबुडा आला तर नवी पिशवी, बिल नसलं तरी. काट्याने किंवा सुरीने पडलेलं भोक असेल तर दुरुस्ती. तोंडातून पाणी गेलं असेल तर आम्ही तुमच्यासमोर तीन वेढे घालून, पुन्हा बुडवून दाखवू. काही जण यावर नाराज होतात, पण न तपासता बदलून दिली तर पुढच्या रविवारी नव्या पिशवीतही पाणीच जाणार. नवी पिशवी घेतानाही ती बादलीत धरून बघायचा आग्रह धरा, आम्ही नाही म्हणणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे तपासणी आणि दुरुस्तीसाठी मंगळवार ते गुरुवार या. पिशवी रिकामी करून, वाळवून आणा. ओल्या कापडावर पट्टी चिकटत नाही आणि तुम्हाला दुसरी खेप पडते.