बरणीतली साय आणि बरणीतली बुरशी

पावसाळा लागला की ओळखीपाळखीतून कोंबुचाच्या, म्हणजे आंबवलेल्या गोड चहाच्या, बरण्यांचे फोटो येऊ लागतात. कोथरूडच्या फ्लॅटमधून येतात, शनिवार पेठेतल्या तळमजल्यावरून येतात. सोबत प्रश्न ठरलेला: वर काहीतरी पांढरं आलंय, टाकून देऊ का? काही बरण्यांना उत्तर असतं ‘थांबा, एक दिवस बघू’, आणि काहींना ‘आत्ताच ओता’. पहिल्या बरणीत खमिराची साय असते, दुसरीत बुरशी. सुरुवातीच्या दिवसांत दोन्ही पांढऱ्या, दोन्ही पृष्ठभागावरच वाढणाऱ्या, दोन्हींना हवा लागते. त्यामुळे कुणी चांगला कोंबुचा मोरीत ओततं, तर कुणी बुरशी चमच्याने काढून उरलेलं मुलांना देतं. मला काळजी या दुसऱ्या चुकीची वाटते.

आधी साय. आंबवण्याच्या जगात तिला काह्म यीस्ट म्हणतात. हे एकच खमीर नव्हे. पिकिया, कँडिडा अशा वेगवेगळ्या कुळांतली, हवेशी लगट करून राहणारी खमिरं मिळून तो थर बनवतात. बिअर बनवणाऱ्यांच्या टाकीतही असा थर धरतो, तिथे त्याला पेलिकल म्हणतात. दिसायला तो सपाट असतो. रंग पांढरा ते मळकट साईचा, चकाकी अजिबात नाही, वर बारीक सुरकुत्या, आणि खालून आलेले बुडबुडे त्यात अडकून राहिलेले. तो एका जागी उगवत नाही, पृष्ठभागभर पसरतो. चमचा लावला की तुटतो आणि त्याचे तुकडे पाण्यात विरतात. वास पावासारखा, कधी चीजकडे झुकणारा.

इथे कोंबुचावाल्यांची आणखी एक गफलत होते. नवी स्कोबी, म्हणजे चहा आंबवणाऱ्या जिवाणू-खमिरांची चकती, धरायला लागते तेव्हा तीही पांढुरकी, पातळ पापुद्र्यासारखी दिसते. ती कोमागाताइबॅक्टर नावाच्या जिवाणूंनी विणलेल्या सेल्युलोजची असते. तिला ओली चकाकी असते, हळूहळू ती जाड होत जाते आणि बोटाला चिवट लागते. खाली लोंबणारे तपकिरी धागे म्हणजे मेलेली-जिवंत खमिरं. त्यांना घाबरायचं कारण नाही. आल्याच्या जिंजर बिअरच्या तळाशी बसणारा पांढरा गाळ तर आल्याचाच स्टार्च, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

बुरशी वेगळी वागते. ती गोल ठिपक्यांनी सुरू होते, एक बेट इथे, एक तिथे. थर सपाट राहत नाही, वर उठतो. बरणी तिरकी न करता बाजूने टॉर्च मारला तर त्यावरची लव दिसते, आणि ही लव हीच सगळ्यात भरवशाची खूण आहे. रंगावर विसंबू नका, कारण कोवळी बुरशी पांढरीच असते. एक-दोन दिवसांत मधून हिरवी, निळी, करडी किंवा काळी पडते. वास कुबट, पण तो घ्यायला बरणीत नाक घालू नका, बीजाणू श्वासात जातात. शंका असेल तर दादरा (बरणीच्या तोंडाला बांधलेलं कापड) न सोडता, बरणी न हलवता चोवीस तास थांबा. बुरशी असेल तर ती केसाळ होईल, रंग धरेल. साय असेल तर फक्त पसरेल आणि जास्त सुरकुतेल.

नेमकी कुठली बुरशी हे घरी कळत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो, आणि पुढे तिची वाढ करून बघावी लागते. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे, पाषाणला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. हे ओळखण्याचं काम किती मोठं आहे याचा अंदाज त्यावरूनच यावा. पण घरच्या निर्णयाला कूळ कळण्याची गरज नसते. लव दिसली की सगळं ओतायचं: पाणी, स्कोबी, सगळं. वरचा ठिपका काढून भागत नाही, कारण बुरशीचे तंतू स्कोबीत खाली उतरलेले असतात आणि काही बुरश्यांची विषं द्रवात मिसळतात. ही विषं उकळूनही जात नाहीत. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या खेड्यांत बुरशी धरलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. ते विष अफ्लाटॉक्सिन होतं आणि त्या मक्याच्या भाकऱ्या भाजलेल्याच होत्या. प्रत्येक बुरशी विषारी नसते हे खरं. पण कुठली आहे आणि कुठली नाही हे डोळ्यांना दिसत नाही, आणि बरणीभर चहासाठी एवढी जोखीम का घ्यायची?

सायीला मात्र ‘निरुपद्रवी’ म्हणून सोडून दिलं जातं, तेही मला अर्धवट वाटतं. साय स्वतः बाधत नाही, निरोगी माणसाला तरी नाही. पण ती आम्ल खाते. आम्ल हेच तर बरणीचं कुलूप. साय आठवडाभर तशीच राहिली की वरच्या भागाचा आंबटपणा उतरतो, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) चढतो आणि मग बुरशीला वाट मिळते. मिठाच्या पाण्यातल्या मिरच्या किंवा कैरीवर साय आली तर ती त्याच दिवशी काढा, फोडी पाण्याखाली दाबा, पीएच पट्टी बुडवून बघा. ४.६ च्या वर गेला असेल तर ती बरणीही टाकाच. कोंबुचाचं तयार पाणी साधारण २.५ ते ३.५ च्या दरम्यान असतं. साय काढल्यावर त्याची चव ठीक लागली तर प्यायला हरकत नाही. गरोदर बायका, लहान मुलं, प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांनी मात्र तसला घोटही घेऊ नये. पुढच्या खेपेचं विरजण त्या बरणीतून घ्यायचंच असेल तर तळातून घ्या. आणि साय पुन्हा पुन्हा येत असेल तर जुन्या स्कोबीचा लोभ सोडून नवी आणा.

दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: सुरुवातीला विरजण कमी पडलं. एक लिटर गोड चहाला १०० ते २०० मिलिलिटर जुना, आंबट कोंबुचा घातला तर पहिल्याच दिवशी पीएच ४.५ च्या खाली येतो. निव्वळ स्कोबी टाकून हे होत नाही. पुण्यात लोक फक्त पावसाळ्याला घाबरतात. मला डिसेंबर-जानेवारी जास्त फसवा वाटतो. रात्रीचा पारा दहा-बारावर उतरतो, कोंबुचाला २४ ते २९ अंश लागतात, आंबणं रखडतं आणि तेवढ्या दिवसांत बुरशी पाय रोवते. थंडीत विरजण वाढवा, बरणी स्वयंपाकघरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवा. गॅलरीत ओल्या कचऱ्याची खतटोपली असेल तर बरणी तिच्या जवळपासही नको, फळांच्या टोपलीजवळही नको.

आजीची लोणच्याची शिस्त इथे जशीच्या तशी लागू पडते: कोरडा चमचा, कोरडा हात, आणि फोडींच्या वर तेलाचा थर. तेल हवेला अडवतं, म्हणून वर काही धरत नाही. कोंबुचाला मात्र हवा हवीच असते, त्यामुळे तिथे तेलाऐवजी आम्लाचाच पहारा. झाकणाला घट्ट विणीचं कापड घ्या, मलमल सैल असते. चिलटं तिच्यातून आत जातात.

बुरशीची बरणी रिकामी केल्यावर कापड टाकून द्या. काचेची बरणी साबणाने घासा, कडकडीत पाण्याने विसळा, उन्हात पूर्ण वाळवा. प्लॅस्टिकची असेल तर पुन्हा वापरू नका, आतल्या ओरखड्यांत बीजाणू टिकून राहतात. नवी स्कोबी घेताना ती तुमच्याच त्या बरणीतून आधी कुणाला वाटलेल्या स्कोबीची नाही ना, हे विचारून घ्या.