सीएफएत व्हॉलंटियर व्हायचंय? कागदपत्रं, ट्रकचं लायसन्स आणि नवीन गाडीची सुरुवातीची दुखणी

मेलबर्नच्या कडेला जिथे नवीन वस्त्या संपतात आणि गवताळ माळ सुरू होतो तिथे आता आपली बरीच मराठी घरं झालीयत, आणि उन्हाळा जवळ आला की कोणीतरी विचारतंच, सीएफएमध्ये जायला काय लागतं हो? म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

सीएफए म्हणजे कंट्री फायर अथॉरिटी, व्हिक्टोरिया राज्याची, १९४५ पासूनची. आग विझवणारे बहुतेक सगळे बिनपगारी, गावागावातले लोक. ज्युनियर म्हणून ११ ते १५ वयाची मुलं जाऊ शकतात, पण प्रत्यक्ष आगीवर जायचं तर १६ पूर्ण पाहिजेत. आणि सगळ्यांनी होजच धरायला पाहिजे असं नाही, हिशेब, रेडिओ, लोकांना माहिती देणं अशीही कामं असतात, त्यामुळे पाठदुखी किंवा वयामुळे लगेच नाही म्हणू नका.

अर्ज ऑनलाइन सुरू करायचा, पण त्याआधी जवळच्या ब्रिगेडच्या (म्हणजे गावातल्या सीएफए तुकडीच्या) ड्रिलला, सरावाला, एकदा जाऊन या, कॅप्टनशी बोला. व्हिसावर असाल तर तेही तिथेच आधी विचारून घ्या. मग दोन तपासण्या असतात, पोलीस चेक आणि वर्किंग विथ चिल्ड्रन चेक, म्हणजे मुलांबरोबर काम करण्यासाठीची तपासणी. दुसरा सर्व्हिस व्हिक्टोरिया या राज्य सरकारच्या ऑनलाइन सेवेवर करायचा, व्हॉलंटियरना तो फुकट असतो आणि ५ वर्षं चालतो, फक्त भरताना 'व्हॉलंटियर' निवडा, नाहीतर नोकरीवाल्यांची फी लागते.

आपल्याकडे हमखास घोळ होतो तो नावाचा. पासपोर्टवर मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, लायसन्सवर ते गायब, बँकेच्या कागदावर तिसरंच स्पेलिंग. ओळखीची कागदपत्रं जुळली नाहीत की अर्ज तिथेच अडकतो, म्हणून पासपोर्ट, लायसन्स आणि पत्त्याचा पुरावा समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा.

त्यानंतर जनरल फायरफायटर ट्रेनिंग. ते झाल्याशिवाय आगीवर नेत नाहीत.

आता ट्रक. मोठ्या टँकरसाठी साधं कारचं लायसन्स पुरत नाही. दोन अ‍ॅक्सल आणि ८ टनांच्या वर जीव्हीएम (पूर्ण भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन) असेल तर एमआर, म्हणजे मीडियम रिजिड, लायसन्स लागतं. कारचं लायसन्स किमान १ वर्ष झालेलं हवं (लर्नरचा काळ धरत नाहीत), मग डोळे तपासणी, जड वाहनांची लेखी टेस्ट आणि ड्रायव्हिंग टेस्ट. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. टेस्ट ऑटोमॅटिक ट्रकवर दिलीत तर लायसन्स ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं. नवीन ट्रक ऑटोमॅटिक आलाय म्हणून कोणी तशी टेस्ट देतं, मग नवीन ट्रक दुरुस्तीला जातो, त्याच्या जागी जुना मॅन्युअल येतो आणि ड्रायव्हर असून नसल्यासारखा. जमत असेल तर मॅन्युअलवरच द्या. आणि लायसन्स हातात आलं म्हणजे सायरन लावून निघता येतं असंही नाही, कोड वन म्हणजे लाइट-सायरनसकट जायला वेगळं ट्रेनिंग आणि मान्यता लागते.

नवीन ट्रक स्टेशनवर आला की सगळे फोटो काढतात, मुलं चढून बसतात, आनंद असतोच, कारण काही गाड्यांमागे ब्रिगेडने सॉसेज विकून जमवलेले पैसे असतात (व्हीसेप नावाच्या योजनेत ब्रिगेडच्या १ डॉलरला सरकार २ डॉलर घालतं). पण ट्रक आला म्हणजे तयार झाला असं नसतं, आधी त्याची ओळख करून देणारं सेशन असतं, पंप, व्हॉल्व्ह, लॉकर, सगळं हाताने करून बघायचं असतं, आणि याच दिवसांत दुखणी बाहेर येतात. खडबडीत मातीच्या रस्त्यावर लॉकरची दारं उघडतात, उभ्या गाडीची बॅटरी रेडिओ-चार्जरमुळे उतरते, तासन् तास उभं राहून पंप चालवला की डिझेलच्या धुराचा फिल्टर तुंबून दिवा लागतो.

आमच्याकडे पाण्याचा गेज चुकीचा निघाला. रविवारचा ड्रिल, मी पंपाशी उभा, गेजवर चारातले तीन दिवे हिरवेगार आणि अचानक पंपाचा आवाज बदलला, होज माझ्या डोळ्यासमोर लुळी पडली. टाकी रिकामी. ४००० लिटरची टाकी, आणि दिवे सांगतायत पाऊणभर आहे. कोणीतरी म्हणालं सेन्सर असेल, पुढच्या वेळी बघू. कॅप्टनने तिथल्या तिथे ट्रक सेवेतून काढला.

का, ते लिंटनची आग माहीत असेल तर कळतं. २ डिसेंबर १९९८ ला लिंटनजवळ जीलाँग वेस्ट ब्रिगेडचे पाच व्हॉलंटियर पाणी भरायला परत निघालेले असताना वारा फिरला आणि ते ट्रकसकट आगीत सापडले. पाचही गेले. म्हणून टाकीत स्वतःच्या बचावापुरतं पाणी कायम राखून ठेवायचं, सगळं आगीवर ओतायचं नाही, हे आम्हाला पहिल्यापासून शिकवतात. ते राखलेलं पाणी किती उरलंय हे गेजच खोटं सांगत असेल तर काय करणार?

तर बिघाड दिसला की असं करा. आधी कॅप्टनला किंवा गाडीवरच्या क्रू लीडरला सांगा, तोंडी सांगून थांबू नका, त्याच दिवशी लेखी नोंद करा. तारीख, वेळ, पंप चालू होता का, गाडी उतारावर होती का, दिवा कोणता लागला, मोबाइलवर व्हिडिओ असला तर उत्तम. पुढे ते डीएमओकडे, म्हणजे डिस्ट्रिक्ट मेकॅनिकल ऑफिसरकडे जातं. वॉरंटीतल्या गाडीला स्वतः स्पॅनर लावू नका, कितीही येत असलं तरी, नाहीतर ट्रकची बॉडी बनवणारी कंपनी वॉरंटीला हात वर करते. आणि दुरुस्त होऊन आली की पुन्हा सगळं तपासा. आम्ही टाकी पूर्ण भरली, मग मीटर लावून थोडं थोडं पाणी सोडत प्रत्येक दिवा नेमका कधी विझतो ते वहीत लिहिलं, आणि तो कागद अजून पंपाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे.